एकाच रस्त्याच्या दोन बाजू : अमेरिकेच्या बजेटमध्ये गरिबाचा नंबर शेवटी का लागतो?

अमेरिकेत टेक्सारकाना नावाचं एक गाव आहे. गाव एक, पण राज्यं दोन. मधून जाणाऱ्या रस्त्याचं नावच 'स्टेट लाइन ॲव्हेन्यू'. रस्त्याच्या एका बाजूला टेक्सास, दुसऱ्या बाजूला आर्कान्सा. दोन नगरपालिका, दोन महापौर, दोन पोलीस खाती. केंद्र सरकारची टपाल कचेरी आणि कोर्ट असलेली इमारत मात्र बरोबर सीमारेषेवर, दोन्ही राज्यांत एकेक पाय ठेवून उभी आहे.

समजा, या गावात दोन मुलांना एकटीनं सांभाळणारी एक बाई आहे. एका हॉटेलात आठवड्याला ३० तास काम करते आणि तिला कायद्यानं ठरलेलं किमान वेतन मिळतं. टेक्सासच्या बाजूला हे वेतन तासाला ७.२५ डॉलर. म्हणजे वर्षाची कमाई ११,३१० डॉलर. रस्ता ओलांडून आर्कान्साच्या बाजूला तेच काम केलं, तर तासाला ११ डॉलर. वर्षाचे १७,१६० डॉलर. आता ती आजारी पडली तर? आर्कान्सात राहत असेल तर तिला 'मेडिकेड' या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा आधार आहे. टेक्सासात राहत असेल तर नाही. गंमत म्हणजे टेक्सासात तिची कमाई कमी आहे, आणि तरीही तिथल्या नियमाप्रमाणे मेडिकेडसाठी ती 'जास्त कमावणारी' ठरते.

सीमाभागातल्या वाचकाला हे चित्र नवीन नाही. रेषेच्या अलीकडे 'गृहलक्ष्मी'चे २,००० आणि पलीकडे 'लाडकी बहीण'चे १,५००, हा हिशेब निपाणी-कागलच्या चहाच्या टपरीवर रोज होतो. महाराष्ट्रानं आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं तेव्हा दोन राज्यांत केवढा वाद झाला, हेही सगळ्यांनी पाहिलं. पण जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातही गरिबाचं औषधपाणी रस्त्याच्या कुठल्या बाजूला घर आहे यावर ठरावं, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. पैसा नाही म्हणून तिथं असं होत नाही. मग का होतं?

गरीब म्हणजे किती?

अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये १०.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे ३ कोटी ५९ लाख माणसं अधिकृत दारिद्र्यरेषेखाली होती. ही रेषा कशी ठरली, त्याचीही एक गोष्ट आहे. १९६० च्या दशकात मॉली ओर्शान्स्की या सरकारी खात्यातल्या संशोधक बाईंनी एक साधा हिशेब मांडला. कुटुंबाला काटकसरीनं जेवायला जेवढा खर्च येतो, त्याची तिप्पट म्हणजे दारिद्र्यरेषा. कारण त्या काळी सरासरी कुटुंबाच्या कमाईचा साधारण तिसरा हिस्सा जेवणावर जायचा. आज जेवणाचा वाटा कमी झालाय; घरभाडं, दवाखाना आणि मुलांना सांभाळण्याचा खर्च मात्र आकाशाला भिडलाय. तरी रेषा मुळात तीच. दरवर्षी फक्त महागाईची भर घातली जाते.

२०२५ साली तिघांच्या कुटुंबासाठी सरकारी योजनांना लागू असलेली ही मर्यादा वर्षाला २६,६५० डॉलर होती. एकट्या माणसासाठी १५,६५०. केंद्रानं ठरवलेलं ७.२५ डॉलरचं किमान वेतन जुलै २००९ पासून एका पैशानं वाढलेलं नाही. त्या दरानं आठवड्याला ४० तास, वर्षभर एकही खाडा न करता राबलं तरी हातात येतात १५,०८० डॉलर. म्हणजे पूर्णवेळ काम करणारा एकटा माणूससुद्धा रेषेच्या खालीच. 'काम करा म्हणजे गरिबी जाईल' असं सांगणाऱ्यांना हा आकडा अडचणीत आणतो.

केंद्र देतंय, राज्य घेत नाही

मेडिकेड सुरू झालं १९६५ मध्ये. त्याआधीच्या वर्षी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'दारिद्र्याविरुद्ध युद्ध' पुकारलं होतं. मेडिकेडचा खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात, योजना राज्य चालवतं. आज सुमारे ७ कोटी लोक त्यावर अवलंबून आहेत. देशातल्या दर १० बाळंतपणांपैकी साधारण ४ बाळंतपणांचा खर्च याच योजनेतून होतो.

२०१० मध्ये ओबामा सरकारच्या आरोग्य कायद्यानं ठरवलं की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत कमाई असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेड मिळेल. पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की राज्यांवर ही सक्ती करता येणार नाही. झालं, निर्णय राज्यांच्या मर्जीवर गेला. बहुतेक राज्यांनी योजना वाढवली. या वाढीव खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र देतं, राज्याला फक्त १० टक्के घालायचे असतात. तरीही टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा अशा १० राज्यांनी ती घेतलेली नाही.

आर्कान्सानं घेतली, शेजारच्या टेक्सासनं नाही. टेक्सासात मूल नसलेल्या, अपंग नसलेल्या प्रौढाला मेडिकेड मिळतच नाही, मग तो कितीही गरीब असो. आईबापांना मिळतं, पण कमाई दारिद्र्यरेषेच्या साधारण १५-१६ टक्क्यांच्या आत असेल तरच. तिघांच्या घरासाठी ही मर्यादा महिन्याला साडेतीनशे डॉलरच्याही आसपास किंवा खालीच. आपल्या हॉटेलातल्या बाईची महिन्याची कमाई साडेनऊशेच्या घरात. मुलांना योजना मिळेल, आईला नाही.

बरं, मग खाजगी विमा घ्यायला सरकारी सवलत? ती दारिद्र्यरेषेच्या वर असणाऱ्यांनाच. कारण कायदा करताना धरून चालले होते की रेषेखालचे सगळे मेडिकेडमध्येच येणार. म्हणजे वरची पायरी फार उंच, खालची पायरी कुणी बांधलीच नाही. या फटीत १० राज्यांत मिळून सुमारे १४ लाख माणसं अडकलेली आहेत.

एकगठ्ठा निधी आणि व्हॉलीबॉलचं मैदान

रोख मदतीची कथा आणखी बोलकी आहे. १९९६ पर्यंत गरीब आईमुलांना रोख मदत मिळणं हा हक्क होता. अटीत बसलात की मिळायची. त्या वर्षी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी रिपब्लिकन संसदेबरोबर ही पद्धत मोडली आणि राज्यांना दरवर्षी एकगठ्ठा निधी द्यायचं ठरलं. रक्कम १,६५० कोटी डॉलर. आज जवळपास तीस वर्षांनंतरही रक्कम तीच आहे. महागाईनं तिची किंमत जवळपास अर्ध्यावर आली, पण वाढ नाही.

त्यातही पैसा नेमका कशावर खर्च करायचा याची मोकळीक राज्यांना. 'कुटुंबं सावरणं', 'लग्नसंस्था बळकट करणं' असले मोघम हेतू कायद्यात आहेत, त्यात काहीही बसवता येतं. १९९६ मध्ये मुलंबाळं असलेल्या १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ जणांना रोख मदत मिळायची. २०२० पर्यंत हा आकडा २१ वर आला. टेक्सास आणि आर्कान्सा दोन्हीकडे तर शंभरामागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच कुटुंबं. आणि ज्यांना मिळते त्यांना किती? आर्कान्सात तिघांच्या कुटुंबाला महिन्याला जास्तीत जास्त २०४ डॉलर. म्हणजे एका बाबतीत उदार दिसणारं राज्य दुसऱ्या बाबतीत हात आखडतं. रेषेची चांगली बाजू कायमची कुठलीच नसते.

मिसिसिपीत या मोकळिकीचं काय झालं ते लेखापरीक्षणात बाहेर आलं. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी हे एक. तिथं गरिबांसाठी आलेले किमान ७.७ कोटी डॉलर भलतीकडेच गेल्याचं आढळलं. त्यातले ५० लाख एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल मैदानाच्या इमारतीसाठी वापरले गेले. त्या खात्याच्या माजी संचालकानं २०२२ मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याच काळात राज्यात रोख मदतीसाठी अर्ज करणाऱ्या बहुसंख्य आयांना नकार मिळत होता. गरिबानं खोटा अर्ज केला तर काय, याचीच चौकशी वर्षानुवर्षं चालू होती. पैसा मात्र वरच्या वर गेला.

सहा महिन्यांचा प्रयोग

गरिबी हटवणं अमेरिकेला जमत नाही असं कुणी म्हणालं, तर २०२१ हे साल त्याच्या पुढ्यात ठेवावं.

अमेरिकेत प्रत्येक मुलामागे आईबापांना करात सवलत मिळते. पूर्वी ती २,००० डॉलर होती. पण अट अशी की कमाई जितकी कमी, तितकी सवलत कमी. अगदीच गरीब असाल तर काहीच नाही. मार्च २०२१ मध्ये अध्यक्ष जो बायडन यांनी कोविड मदतीच्या कायद्यात ही रक्कम सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि त्यावरच्याला ३,००० केली. दोन महत्त्वाच्या गोष्टी बदलल्या. एक, कमाई शून्य असली तरी पूर्ण रक्कम मिळणार. दोन, त्यातली निम्मी रक्कम वर्षअखेरची वाट न पाहता जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट खात्यात जमा होणार. ना फॉर्मांचा ढीग, ना कामाचे दाखले.

परिणाम काय झाला? कर, सरकारी मदत आणि प्रत्यक्ष खर्च धरून जनगणना खातं गरिबी मोजतं त्या मापानं २०१९ मध्ये १२.६ टक्के मुलं गरीब होती. २०२१ मध्ये हा आकडा ५.२ टक्क्यांवर आला. मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. त्यात कोविडच्या इतर मदतीचाही हात होता, पण सर्वांत मोठा वाटा या सवलतीचा होता.

मग ती पुढे चालू ठेवायची वेळ आली. सिनेटमध्ये दोन्ही पक्ष ५०-५०. डेमोक्रॅटिक पक्षाला एकही मत गमावून चालणार नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन, हे त्यांच्याच पक्षाचे सिनेटर, डिसेंबर २०२१ मध्ये टीव्हीवर सांगून मोकळे झाले की आपला पाठिंबा नाही. खर्च फार, महागाई वाढतेय आणि मदतीला कामाची अट हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं राज्यही देशातल्या गरीब राज्यांमध्ये मोडतं. जानेवारीत हप्ते थांबले. २०२२ मध्ये मुलांमधली गरिबी पुन्हा १२.४ टक्के. एका वर्षात ५० लाखांहून जास्त मुलं परत रेषेखाली. २०२३ मध्ये १३.७ टक्के, २०२४ मध्ये १३.४.

जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून एक छोटी दुरुस्ती तयार केली. प्रतिनिधिगृहात ती ३५७ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाली. असं एकमत तिथं क्वचितच दिसतं. पण सिनेटमध्ये विधेयक पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात. ऑगस्टमध्ये बाजूनं ४८ आणि विरोधात ४४ मतं पडली. जास्त मतं बाजूनं असूनही विधेयक अडकलं ते अडकलंच.

म्हातारे वाचले, मुलं का नाही?

१९५९ मध्ये अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या माणसांपैकी ३५ टक्के गरीब होती. आज हे प्रमाण अधिकृत मोजणीनं १० टक्क्यांच्या आसपास आहे. कारण सोशल सिक्युरिटी ही पेन्शन योजना वाढत गेली, महागाईशी बांधली गेली, आणि १९६५ नंतर म्हाताऱ्यांना मेडिकेअर हा आरोग्य विमा मिळाला. या योजनांना दरवर्षी नव्यानं मंजुरी लागत नाही. आणि त्यांना हात लावायची कुठल्याच पक्षाची सहसा हिंमत होत नाही. कारण ज्येष्ठ मंडळी मतदानाला न चुकता जातात, त्यांच्या संघटना तगड्या आहेत.

मुलांना मत नाही. त्यांच्या गरीब आईबापांना आहे, पण मतदानात गरीब घरं श्रीमंत घरांच्या फार मागे असतात. तिथं मतदान मंगळवारी होतं, केंद्राची सुट्टी नसते. तासावर काम करणाऱ्याचा पगार बुडतो. भाड्यानं राहणारा सारखी घरं बदलतो, प्रत्येक वेळी मतदार नोंदणी नव्यानं. काही राज्यांत शिक्षा भोगून आलेल्यांचाही मताचा हक्क सहजासहजी परत मिळत नाही. प्रचाराचा खर्च देणगीदारांवर चालतो आणि देणगी देणारा गरीब नसतो.

मार्टिन गिलेन्स आणि बेंजामिन पेज या दोन राज्यशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८१ ते २००२ या काळातल्या १,७७९ धोरण-प्रश्नांवर लोकांना काय हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते त्यांनी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की श्रीमंत वर्ग आणि उद्योगांच्या संघटना यांच्या इच्छेचा धोरणावर ठळक परिणाम होतो. सामान्य माणसाच्या इच्छेचा स्वतंत्र परिणाम जवळपास नाहीच. काही अभ्यासकांनी यावर आक्षेपही घेतले. मध्यमवर्ग आणि श्रीमंत यांचं म्हणणं बऱ्याचदा सारखंच असतं, असं ते दाखवतात. पण गरिबांचा आवाज वर पोचतो, असं त्या वादातही फारसं कुणी म्हणत नाही.

२०२५ चा मोठा कायदा

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'वन बिग ब्युटिफुल बिल' या नावानं गाजलेल्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मतानं तो पार पडला. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१४. बजेटशी संबंधित कायद्यांसाठी एक खास वाट आहे, त्या वाटेनं गेलं की ६० मतं लागत नाहीत, साधं बहुमत पुरतं. बायडन यांनी २०२१ मध्ये हीच वाट वापरली होती.

कायद्यात करकपात मोठी आहे. २०१७ च्या सवलती कायम झाल्या, टिपवर आणि ओव्हरटाइमवर काही वर्षांपुरती सूट मिळाली. त्याची किंमत अंशतः दोन योजनांमधून वसूल करायची ठरली. एक मेडिकेड, दुसरी 'स्नॅप', म्हणजे जुन्या नावानं फूड स्टॅम्प. स्नॅपमधून गरिबाला एका कार्डावर पैसे मिळतात आणि त्यातून किराणा घेता येतो. मदत सरासरी माणशी दिवसाला सुमारे ६ डॉलर. लाभार्थी सुमारे ४ कोटी २० लाख.

संसदेच्याच बजेट कार्यालयाचा, म्हणजे पक्षनिरपेक्ष मानल्या जाणाऱ्या सीबीओचा, अंदाज असा आहे : १० वर्षांत स्नॅपवरचा केंद्राचा खर्च सुमारे १८,६०० कोटी डॉलरनं कमी होईल. मेडिकेडमधली कपात ९०,००० कोटींच्या घरात. २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे एक कोटीनं वाढेल. सर्वांत गरीब १० टक्के घरांचं वर्षाला सरासरी १,२०० डॉलरचं नुकसान होईल, तर सर्वांत श्रीमंत १० टक्के घरांचा १३,६०० डॉलरचा फायदा.

मुलांमागची सवलत या कायद्यानं २,२०० केली. ऐकायला चांगलं. पण कमी कमाईला कमी सवलत, ही जुनी अट तशीच. टेक्सासच्या बाजूची आपली बाई ११,३१० डॉलर कमावते. नियमानं पहिले २,५०० सोडून उरलेल्याचे १५ टक्के. दोन मुलांचे मिळून तिच्या हाती येणार सुमारे १,३२१ डॉलर. वर्षाला ४ लाख डॉलर कमावणाऱ्या जोडप्याला त्याच दोन मुलांचे पूर्ण ४,४०० मिळणार.

कागदाची भिंत

मेडिकेडसाठी आता नवी अट आहे. वाढीव योजनेतल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं सिद्ध करायचं. उशिरात उशिरा १ जानेवारी २०२७ पासून. १३ वर्षांपर्यंतचं मूल असलेल्या पालकांना, आजारी आणि अपंगांना सूट आहे. स्नॅपमध्येही कामाची अट ५४ ऐवजी ६४ वयापर्यंत वाढली, आणि १४ वर्षांच्या पुढचं मूल असलेल्या पालकांनाही ती लागली.

अट ऐकायला रास्त वाटते. अंगानं धडधाकट माणसानं काम करावं, यात चूक काय? समर्थकांचं म्हणणं हेच आहे. योजना खऱ्या गरजूंसाठी टिकवायच्या, गैरवापर थांबवायचा, आणि केंद्रावर कर्जाचा डोंगर आहे तो बघायचा. अमेरिकेतल्या अनेक सामान्य मतदारांनाही हे पटतं.

पण हा प्रयोग एकदा होऊन गेलाय, आणि तोही आर्कान्सातच. २०१८ मध्ये राज्यानं मेडिकेडसाठी अशीच ८० तासांची अट घातली. तास नोंदवायचे वेबसाइटवर. ज्यांच्या घरी धड इंटरनेट नाही अशांनी. आणि ती वेबसाइट रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायची. काही महिन्यांत १८,००० हून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर पाहणी केली. अट लागू असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त माणसं एकतर पुरेसं काम करत होती किंवा सूट मिळण्यास पात्र होती. नोकऱ्या वाढल्याचं काही दिसलं नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्राच्या न्यायालयानं ती अट थांबवली.

म्हणजे लोक कामाच्या अटीत नापास झाले नव्हते, ते फॉर्म भरण्यात नापास झाले. रेशन कार्डाच्या केवायसीसाठी मशीनवर अंगठा न उमटल्यानं परत फिरलेल्या म्हातारीला हे वेगळं समजावून सांगायला नको. सरकारची बचत मात्र खरी असते. ती त्या परत फिरलेल्या माणसांतूनच होते.

आणि कर्जाचं म्हणाल, तर सीबीओच्या हिशेबानं हाच कायदा दहा वर्षांत तुटीत ३.४ लाख कोटी डॉलरची भर घालणार आहे. गरिबाकडून वाचवलेला पैसा कर्जफेडीला गेला असता, तर निदान तो युक्तिवाद तरी टिकला असता.

जी मदत दिसत नाही

एक गोष्ट या चर्चेत नेहमी निसटते. अमेरिकन सरकार मदत फक्त गरिबांनाच देतं असं नाही. घरासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर करसवलत आहे, आणि तिचा मोठा भाग सुस्थितीतल्या घरांना मिळतो. राज्याला भरलेल्या कराची केंद्राच्या करातून वजावट मिळते; तिची मर्यादा २०२५ च्या कायद्यानं १०,००० वरून ४०,००० डॉलर केली. उलट भाड्याच्या घरासाठी सरकारी मदत मिळण्यास पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी साधारण एकालाच ती मिळते. बाकीचे यादीत, वर्षानुवर्षं.

फरक असा की श्रीमंताची मदत करात दडलेली असते. त्यासाठी रांग नाही, तास मोजणं नाही, कुणी 'फुकटे' म्हणत नाही. गरिबाची मदत 'खर्च' म्हणून बजेटमध्ये लिहिलेली असते. कात्री लावायची वेळ आली की हात आधी लिहिलेल्या रकमेकडे जातो.

४३ दिवस

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ या काळात अमेरिकन सरकारचं कामकाज बजेटवरून ठप्प झालं. ४३ दिवस. आरोग्य विम्याच्या वाढीव सवलती वर्षअखेर संपणार होत्या, त्यावरून दोन्ही पक्ष अडून बसले. नोव्हेंबर उजाडला तसे स्नॅपचे पैसे अडकले. राखीव निधी वापरा, असं न्यायालयांना सांगावं लागलं. तरी पूर्ण पैसे की अर्धे, यावर पुन्हा कोर्टकचेऱ्या. काही राज्यांनी स्वतःच्या तिजोरीतून भरपाई केली, काहींनी केली नाही. म्हणजे पुन्हा तेच : रस्त्याच्या कुठल्या बाजूला राहता?

पुढे काय बघायचं?

तारखा नीट पाहिल्या तर बरंच कळतं. टिपवरची करसूट २०२५ च्याच कमाईपासून लागू झाली. मेडिकेडची कामाची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची मुदत आहे. संसदेची मध्यावधी निवडणूक मात्र ३ नोव्हेंबर २०२६ ला. स्नॅप चालवण्याच्या खर्चातला राज्यांचा वाटा निम्म्यावरून ७५ टक्के होणार तो ऑक्टोबर २०२६ पासून, आणि ज्या राज्यांच्या हिशेबात चुका जास्त, त्यांना मदतीच्या रकमेतलाही काही हिस्सा उचलावा लागणार तो ऑक्टोबर २०२७ पासून. गोड आधी, कडू नंतर.

राज्यांवर भार पडला की ती काय करतात, याचा अंदाज टेक्सासनं आधीच दिलाय. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं जेवण बंद असतं, म्हणून केंद्राची एक योजना आहे. गरीब मुलामागे सुट्टीभरात १२० डॉलर, जेवणाचे पैसे पूर्ण केंद्राचे. राज्यानं फक्त चालवण्याचा निम्मा खर्च द्यायचा. आर्कान्सा २०२४ पासून त्यात आहे. टेक्सासच्या विधिमंडळानं २०२५ मध्ये त्यासाठी ६ कोटी डॉलरची तरतूद केली. गव्हर्नरनी ती जूनमध्ये खोडून टाकली. केंद्र पुढे किती भार टाकेल याची खात्री नाही, हे कारण दिलं.

टेक्सारकानातली ती बाई टेक्सासची असेल तर तिच्यासाठी २०२७ मध्ये मेडिकेडचं काही बदलणार नाही, कारण मुळात ते तिच्याकडे नाहीच. ती आर्कान्साची असेल, तर मुलं लहान असेपर्यंत तिला कामाच्या अटीतून सूट आहे. पण सूट आहे हे तिनं सिद्ध करायचं. नाहीतर दर महिन्याला किमान ८० तास कामाचा पुरावा द्यायचा. ती करते साधारण १३०. प्रश्न तासांचा नाही. पगाराची चिठ्ठी वेळेवर मिळाली का, पत्र बरोबर पत्त्यावर आलं का, वेबसाइट उघडली का, फोन कुणी उचलला का, याचा आहे.

त्या गावातल्या आर्कान्साच्या बाजूच्या रहिवाशांना एक जुनी सवलत आहे. टेक्सासात राज्याचा आयकर नाही, म्हणून सीमेपलीकडे लोक निघून जाऊ नयेत यासाठी आर्कान्सानं त्यांनाही राज्याचा आयकर माफ केलाय. म्हणजे कर भरणाऱ्याचं नुकसान होऊ नये म्हणून सीमारेषा वाकवता येते, कायदा तसा करता येतो. दवाखान्याच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईसाठी ती रेषा अजून सरळच आहे.